गोमंतकाचे छायाचित्रकार : सौंदर्य आणि साक्ष

जुन्या गोव्यातील बाँ जेझूस बासिलिकेसमोर उभा राहणारा आजचा प्रवासी तिच्या तांबूस, उघड्या जांभ्याच्या भिंती पाहतो आणि ही वास्तू आरंभापासून अशीच असली पाहिजे, अशी त्याची सहजच समजूत होते. परंतु ती खरी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घेतलेल्या छायाचित्रांत हीच वास्तू चुन्याच्या गिलाव्याने झाकलेली, पांढुरकी दिसते. १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीत झालेल्या दुरुस्तीच्या वेळी तो गिलावा उतरविण्यात आला आणि तेव्हापासून सच्छिद्र जांभा दरवर्षीच्या मुसळधार पावसाला तोंड देत उभा आहे. गिलावा पुन्हा चढवावा की वास्तूचे आज लोकांच्या मनात ठसलेले रूपच कायम ठेवावे, याविषयी जाणकारांत अनेक वर्षे चर्चा होत आली आहे. १६०५ मध्ये अभिषेक झालेल्या आणि १९८६ पासून जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेल्या वास्तुसमूहात मोडणाऱ्या या मंदिराच्या पूर्वरूपाचा एक मोठा पुरावा म्हणजे ती जुनी छायाचित्रे होत.

ज्या छायाचित्रकारांनी ती घेतली, त्यांना पुढे असा काही वाद उद्भवेल याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्यांनी आपल्या गावाजवळची एक भव्य वास्तू टिपली, इतकेच. परंतु अर्धशतक लोटल्यानंतर त्या चित्राचे प्रयोजन पालटले. सुंदर दृश्य होते, ते साक्ष झाले. गोमंतकाचा किनारा, येथील शेतीवाडी व येथील वारसा टिपणाऱ्या स्थानिक छायाचित्रकारांच्या कार्याचे मोल या दृष्टीने पाहिले असता अधिक स्पष्ट होते. त्याचबरोबर ही साक्ष टिकवून धरण्यासाठी काय करावयास हवे, हा प्रश्नही पुढे येतो.

काचेवरील पहिली चित्रे

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये पॅरिस येथे जगापुढे आली आणि अल्पावधीतच ती भारताच्या किनाऱ्याला लागली. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. या संस्थेतील आरंभीच्या भारतीय सभासदांत डॉ. नारायण दाजी यांचे नाव ठळकपणे घेतले जाते. हे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू. आणि लाडांचे घराणे मूळचे गोमंतकातील, पेडणे महालातले. म्हणजे भारतीयांनी स्वतःच्या हाती कॅमेरा घेतला त्या पहिल्या पिढीतच गोमंतकाशी नाते सांगणारा एक पुरुष होता, ही गोष्ट गोमंतकीयांना अभिमानास्पद वाटावी अशीच आहे.

त्या काळी चित्र घेणे हे आजच्यासारखे क्षणाचे काम नव्हते. काचेच्या पट्टीवर कलोडियनचा थर द्यावयाचा, ती रजताच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि थर वाळण्यापूर्वी, म्हणजे थोड्या मिनिटांतच, अंधाऱ्या तंबूत नेऊन चित्र प्रकट करावयाचे. या सर्व सामग्रीसह रानावनात जावयाचे म्हणजे सोबत हमाल, तंबू, पाण्याची भांडी आणि रसायनांच्या बाटल्या घेऊनच निघावे लागे. १८८० नंतर कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या काचा सर्वत्र मिळू लागल्या आणि हे ओझे पुष्कळच हलके झाले. गावोगावी छायाचित्रशाळा निघाल्या त्या यानंतरच.

पणजीत, म्हणजे तेव्हाच्या नोव्हा गोवा शहरात, सोझा आणि पॉल या छायाचित्रशाळेने याच सुमारास नाव मिळविले. जुन्या गोव्याची मंदिरे व भग्नावशेष, पणजीतील रस्ते व सरकारी इमारती, तसेच तत्कालीन समाजातील विविध थरांतील माणसे यांची या शाळेने घेतलेली चित्रे आज गोव्याच्या इतिहासाच्या अभ्यासकांना फार उपयोगी पडतात. त्या वेळी आलेल्या परदेशी प्रवाशांनीही गोव्याची वर्णने लिहिली आहेत. तथापि वर्णनकाराला जे लक्षणीय वाटले तेवढेच तो लिहितो. छायाचित्रात मात्र ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते तेही उतरते. रस्त्याच्या कडेची बैलगाडी, छपरावरील कौलांची ठेवण, खिडकीच्या चौकटीत बसविलेली शिंपल्यांची तावदाने, स्त्रियांच्या लुगड्यांची नेसण, अंगणातील तुळशीवृंदावनाची उंची हे सारे न मागता पदरात पडते.

किनारा : रोज बदलणारा

गोव्याचा किनारा पश्चिमाभिमुख आहे. येथे सूर्य सह्याद्रीच्या मागून उगवतो आणि समुद्रात मावळतो. सायंकाळी समुद्राकडे तोंड करून घेतलेल्या चित्रात होडी, माड आणि माणूस या साऱ्यांच्या केवळ काळ्या आकृती दिसतात. आकाशाचे रंग तेवढे खुलतात. सकाळी मात्र प्रकाश जमिनीकडून समुद्राकडे पडतो आणि जाळे ओढीत किनाऱ्याला येणाऱ्या माणसाचा चेहरा, त्याच्या हातावरच्या शिरा, जाळ्यातील चकाकणारे बांगडे स्पष्ट उजळून निघतात. प्रवाशांकडची बहुतेक चित्रे सायंकाळची असतात. मच्छीमारांचे जीवन ज्यांनी टिपले, ते मात्र पहाटे उठणारे छायाचित्रकार होत आणि असे बहुधा जवळपास राहणारेच असतात.

रापण हे याचे उत्तम उदाहरण होय. एक लांबलचक जाळे होडीतून अर्धवर्तुळात टाकावयाचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढावयाची, अशी ही सामुदायिक मासेमारी. यांत्रिक होड्या आल्यानंतर रापणकारांच्या उपजीविकेवर संकट आले, १९७० च्या दशकात त्यांचे मोठे आंदोलन झाले आणि १९८० मध्ये सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा गोव्यात आला. आज रापण ओढली जाते ती मोजक्याच ठिकाणी. जाळ्याला किती माणसे लागत, स्त्रियांचा त्यात वाटा कोणता असे, मासळीची वाटणी वाळूवर कशी होत असे, हे पुढील पिढीला सांगण्यास जुनी छायाचित्रे फार मोलाची ठरतील.

किनाऱ्याची जमीनही स्थिर नसते. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो आणि पावसाळा सरताच ती हळूहळू परत आणतो. म्हणून जुलै महिन्यातील एका चित्रावरून ‘समुद्राने किनारा गिळला’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. त्याच जागेवरून, त्याच महिन्यात, वर्षामागून वर्षे घेतलेली चित्रे एकमेकांशेजारी ठेवली, तरच खरी धूप आणि ऋतूंची नेहमीची उलथापालथ यांतील भेद कळतो. कांदोळीच्या किनाऱ्याचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे खनिजवाहू जहाज तेथे वाळूत रुतले आणि २०१२ मध्ये त्याचे अवशेष हटविले जाईपर्यंत सुमारे बारा वर्षे ते तेथेच होते. या अवधीत त्याच्या आजूबाजूच्या किनाऱ्याची वाळू कशी सरकली, हा स्थानिकांच्या चिंतेचा व तज्ज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाला होता. जहाज येण्यापूर्वीचे, ते असतानाचे आणि गेल्यानंतरचे अशी तिन्ही वेळची चित्रे ज्याच्या संग्रही असतील, त्याच्याजवळ त्या किनाऱ्याचा इतिहासच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

वाळूच्या टेकड्या हाही असाच विषय. त्यांच्यावर पसरणारी मर्यादवेल आपल्या मुळांनी वाळू धरून ठेवते आणि मागच्या वस्तीला वाऱ्यापासून व उधाणापासून संरक्षण देते. या टेकड्या एकदा सपाट झाल्या म्हणजे त्या तेथे होत्या हे सांगावे कसे? अशा वेळी एखाद्या घरगुती सहलीच्या चित्राची पार्श्वभूमीसुद्धा बहुमोल ठरते.

खाजने, मिठागरे आणि पाण्याखालील गाव

किनाऱ्याहून आत वळले की गोमंतकाचे दुसरे रूप दिसते. मांडवी, जुवारी आणि इतर नद्यांच्या खाड्यांलगत शेकडो वर्षांच्या श्रमांनी तयार झालेली खाजन जमीन आहे. भरतीचे खारे पाणी बांध घालून रोखावयाचे आणि बांधातील ‘मानस’ नावाच्या दारातून पाण्याची ये-जा राखावयाची, अशी ही व्यवस्था आहे. भरतीच्या दाबाने मानसाची फळी मिटते, ओहोटीला ती उघडते आणि शेतातील जादा पाणी बाहेर पडते. पावसाळ्यात खाऱ्या जमिनीतही तग धरणारे भात, पुढे मासळी आणि काही ठिकाणी मीठ, असे तिन्हींचे उत्पन्न देणारी ही व्यवस्था बांध व मानस यांच्या नित्य देखरेखीवर अवलंबून असते. एक बांध फुटला तर शेकडो शेतांत खारे पाणी शिरते.

या साऱ्याचे चित्र घेणे वाटते तितके सोपे नाही. बांधावर उभे राहून पाहिले तर केवळ हिरवे शेत आणि पाण्याची एक रेघ दिसते. मानस कसे चालते हे दाखवावयाचे असेल, तर एकाच जागेवरून भरतीचे एक व ओहोटीचे एक अशी दोन चित्रे घ्यावी लागतात. बांधाची उंची कळावी म्हणून शेजारी एखादा माणूस उभा करावा लागतो. मिठागरात मीठ ओढणारा मजूर, बांधाला चिखल व दगड भरणारा शेतकरी, माडावर चढणारा रेंदेर, मातीच्या मडक्यांना आकार देणारा कुंभार या सर्वांच्या कामाची पद्धत, हत्यारे आणि हातांची ठेवण छायाचित्रात उतरली, तरच ते चित्र केवळ शोभेचे न राहता माहितीचे होते. पांतालियांव फर्नांडिस यांनी आपल्या पुस्तकांतून गोव्याच्या पारंपरिक व्यवसायांची व ओसरत चाललेल्या प्रथांची चित्रे शब्दांसह मांडली आहेत, ती याच कारणाने उपयुक्त ठरतात. आसावरी कुलकर्णी यांनी गोव्यातील बाजारांचे केलेले चित्रण आणि प्रसाद पानकर यांची निसर्गचित्रे यांचाही या संदर्भात आवर्जून उल्लेख करावयास हवा. अॅलेक्स फर्नांडिस यांनी तियात्र कलावंतांची व्यक्तिचित्रे टिपून वारसा हा केवळ दगडाविटांचा नसतो, याची आठवण करून दिली आहे.

सांगे तालुक्यातील कुर्डी गावाची हकीकत तर या विषयात विसरता येण्यासारखी नाही. सुप्रसिद्ध गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचे हे गाव. साळावली धरणाच्या जलाशयासाठी १९८० च्या दशकात येथील कुटुंबांनी घरदार सोडले आणि गाव पाण्याखाली गेले. गावातील प्राचीन महादेव मंदिराचे दगड सोडवून ते धरणाजवळ पुन्हा उभारण्यात आले. असे मंदिर हलवावयाचे म्हणजे प्रत्येक दगडाला क्रमांक द्यावा लागतो, त्याची जागा आराखड्यात व छायाचित्रात नोंदवावी लागते. अन्यथा कोणता दगड कोठे होता हे पुढे कोण सांगणार? घरांना मात्र अशी सोय नव्हती. दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले की घरांचे चौथरे, वाटा आणि विहिरींचे काठ वर येतात. विखुरलेले गावकरी त्या दिवसांत आपल्या देवस्थानाच्या उत्सवासाठी तेथे जमतात आणि आपापल्या घराची जागा मुलांना दाखवितात. चौथऱ्यावरून घराची लांबीरुंदी कळते, पण ओसरीवर कोण बसत असे आणि दारापुढे कोणते झाड होते, हे चौथरा सांगत नाही. ज्या कुटुंबांजवळ जुने एखादे छायाचित्र उरले आहे, त्यांच्यापाशी त्या घराचा तेवढा भाग तरी अद्याप शिल्लक आहे.

वारसा : उभा, पडलेला आणि लपलेला

जुन्या गोव्यातील मोंती सांतो टेकडीवरील संत आगुस्तीनच्या मनोऱ्याकडे पाहूनही हाच विचार मनात येतो. १६०२ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या भव्य मंदिराचा त्याग १८३५ मध्ये, धार्मिक संघांवर बंदी आल्यानंतर झाला. १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. आज उरलेला अर्धा मनोरा गोव्याचे एक चिन्हच झाला आहे. १९३१ पूर्वी घेतलेल्या छायाचित्रांत हरवलेल्या भागाची कल्पना येते, आणि आज ढिगाऱ्यातील एखाद्या कोरीव दगडाचे मूळ स्थान ठरवावयाचे झाल्यास अशा चित्रांइतका दुसरा आधार क्वचितच सापडेल.

सर्व वारसा असा उंच व ठळक नसतो. कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्याच्या सपाट कातळावर प्रागैतिहासिक काळातील प्राणी, मानवी आकृती आणि चक्रव्यूहासारखी वर्तुळे कोरलेली आहेत. १९९३ मध्ये संशोधकांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. परंतु आसपासच्या रहिवाशांना ती ठाऊक होती. ही चित्रे भर दुपारी पाहणाऱ्यास जवळजवळ दिसतच नाहीत. सूर्य डोक्यावर असताना उथळ रेषांत सावली पडत नाही. सकाळी अथवा सायंकाळी, तिरपा प्रकाश कातळाला घासून जात असताना मात्र प्रत्येक रेषेच्या एका कडेला सावली उभी राहते आणि बैलाची शिंगे, हरणाचे पाय स्पष्ट होतात. कोणता प्रकाश कोणत्या वेळी येतो हे स्थानिकाला अनुभवाने ठाऊक असते.

देवळांच्या व जुन्या घरांच्या भिंतींवरील कावीच्या चित्रांचेही असेच आहे. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देऊन तो नाजूक हाताने खरवडावयाचा आणि खालच्या पांढऱ्या रंगातून वेलबुट्टी व देवदेवता प्रकट करावयाच्या, अशी ही कला. जीर्णोद्धाराच्या उत्साहात एखाद्या भिंतीवर तैलरंग चढविला गेला तर ती कायमची नाहीशी होते. जीर्णोद्धार जरूर व्हावा. मात्र तो आरंभ करण्यापूर्वी देवस्थानच्या समितीने गावातील एखाद्या छायाचित्रकाराला बोलावून चारही भिंतींची सविस्तर चित्रे घेऊन ठेवली, तर खर्च अल्प येईल आणि लाभ पुढील पिढ्यांना होईल.

तारीख नसलेल्या चित्राची तारीख

जुन्या चित्रांच्या बाबतीत अभ्यासकांची सर्वांत मोठी अडचण ही की, बहुतेकांवर काही लिहिलेले नसते. अशा वेळी चित्रातीलच खुणांवरून काळ ठरवावा लागतो. पणजीनजीकच्या मांडवीचे दृश्य घ्या. नदीवर एकही पूल नसेल आणि पलीकडे जाण्यासाठी फेरीबोटीच दिसत असतील, तर ते चित्र बहुधा १९७० पूर्वीचे असावे, कारण नेहरू पूल त्या वर्षी खुला झाला. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. म्हणून तुटलेला पूल दिसत असेल, तर चित्र त्या दिवसानंतरचे. त्यापुढचा पूल १९९२ मध्ये व त्याच्या जोडीचा १९९८ मध्ये झाला. उंचावरून जाणारा अटल सेतू जानेवारी २०१९ मध्ये खुला झाला. तेव्हा चित्रातील पूल मोजले की त्याचा काळ बराचसा निश्चित होतो.

बाँ जेझूसच्या भिंतींवरील गिलावा आणि संत आगुस्तीनचा दर्शनी भाग या अशाच खुणा होत. दुकानांवरील पाट्यांची लिपी, मोटारींचे नमुने, विजेचे खांब, छत्र्यांचे आकार हेही उपयोगी पडतात. परंतु हा सगळा खटाटोप करावा लागतो तो एका साध्या उणिवेमुळे. चित्र घेणाऱ्याने अथवा ते जपणाऱ्याने मागे दोन ओळी लिहिल्या असत्या, तर हे कष्ट वाचले असते. आणि ज्या चित्रात मांडवी नाही, मनोरा नाही, केवळ एक घर व त्यापुढे उभी असलेली सात माणसे आहेत, त्याचा काळ व ती माणसे कोण हे ठरविणे तर अनेकदा अशक्यच होते.

ओलावा हा पहिला शत्रू

गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत हवेतील आर्द्रता अतिशय वाढलेली असते. फिल्म व निगेटिव्ह यांच्यावरील थर जिलेटिनचा, म्हणजे प्राणिजन्य पदार्थाचा असतो आणि त्यावर बुरशी झपाट्याने वाढते. ॲसिटेटच्या फिल्मला कालांतराने शिरक्यासारखा आंबट वास येऊ लागतो, ती आखडते व वेडीवाकडी होते. हा दोष एकदा सुरू झाला की जवळच्या फिल्मलाही त्याची बाधा होऊ शकते. रंगीत छपाईतील रंगद्रव्ये उजेडाने फिकट होतात. जुन्या काचा फुटतात, आणि अनेक ठिकाणी छायाचित्रशाळा बंद होताना त्या अडगळ म्हणून टाकून दिल्या गेल्या आहेत.

घरच्या संग्रहासाठी काही साध्या गोष्टी पुरेशा आहेत. छायाचित्रे भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत, कारण पावसाळ्यात भिंतीला ओल येते. चिकट पानांच्या व प्लास्टिकचा पडदा असलेल्या अल्बममधून ती सावधपणे काढून आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवावीत. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. त्यांचा रंग बदलला की त्या तापवून कोरड्या कराव्यात. आंबट वास येणारी फिल्म इतरांपासून वेगळी करावी. बुरशी लागलेली निगेटिव्ह पाण्याने धुण्याचा प्रयत्न करू नये, कारण बुरशीने जिलेटिन पोखरलेले असल्यास चित्रच वाहून जाते. त्याबाबत जाणकाराचा सल्ला घ्यावा.

आजची चित्रे संगणकीय असल्यामुळे त्यांना बुरशी लागत नाही, हे खरे. परंतु त्यांचा नाश अधिक मुकाट्याने होतो. मोबाइल पाण्यात पडतो, हार्ड डिस्क बंद पडते आणि दहा वर्षांची चित्रे एका दिवसात जातात. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या चित्राच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरी, असा नियम पाळावा. कॅमेरा चित्रासोबत दिनांक व वेळ आपोआप नोंदवितो, पण कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर असेल तरच त्या नोंदीचा उपयोग. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठविलेल्या चित्रातून ही नोंद बहुधा गळून पडते आणि चित्राचा दर्जाही उतरतो. म्हणून मूळ प्रत निराळी जपावी.

दोन ओळी

छायाचित्रामागे काय लिहावे, याचे उत्तर सोपे आहे. गाव व वाडा, शक्य असल्यास नेमकी जागा. दिवस, निदान महिना व वर्ष. चित्रातील व्यक्तींची नावे, डावीकडून उजवीकडे. कोणते काम अथवा विधी चालू आहे ते. आणि चित्र घेणाऱ्याचे नाव. कागदी चित्राच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो व शाई झिरपते. संगणकीय चित्रांसाठी एका वहीत अथवा तक्त्यात क्रमांकवार नोंद ठेवावी. वस्तूचे स्थानिक नाव कोकणीत किंवा मराठीत जे प्रचलित असेल तेच लिहावे. ‘मानस’ या शब्दाऐवजी ‘पाण्याचे दार’ असे लिहिले, तर चित्र उरेल, पण शब्द हरवेल.

हे काम छायाचित्रकाराने एकट्याने करावयाचे नाही. घरातील वृद्ध मंडळींसमोर जुना अल्बम उघडून बसावे आणि त्या सांगतील ते लिहून घ्यावे. आज आजीला विचारले तर सात माणसांपैकी सहांची नावे कळतील. पाच वर्षांनी विचारावयास कदाचित कोणी उरणार नाही. छायाचित्राचा कागद शंभर वर्षे टिकू शकतो, त्यातील नावे मात्र एका पिढीच्या स्मरणापलीकडे टिकत नाहीत. खरी घाई आहे ती येथे.

ज्यांना आपला संग्रह सुरक्षित ठिकाणी ठेवावासा वाटेल, त्यांनी १५९५ मध्ये पाया घातला गेलेल्या गोव्याच्या पुराभिलेखागाराकडे, १८३२ पासूनची परंपरा असलेल्या पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाकडे अथवा पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे चौकशी करून पाहावी. छायाचित्रे लोकांपुढे आणण्याचे प्रयत्नही होत आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘गोवा फोटो’ या महोत्सवाने २०१७ मध्ये साळगाव येथील जुन्या घरांतच प्रदर्शने मांडली होती. तशी प्रदर्शने ग्रामपंचायतीच्या सभागृहात, शाळेत, देवळाच्या अग्रशाळेत किंवा चर्चच्या आवारात गावकऱ्यांनाही भरविता येतील. चित्राखाली एक कोरा कागद ठेवून ‘यांतील कोणाला ओळखता का?’ असे विचारले, तर गावच त्या कागदावर आपला इतिहास लिहील.

संयम आणि कायदा

चित्र घेण्याच्या उत्साहाला मर्यादाही हव्यात. देवळाच्या गर्भगृहात अथवा प्रार्थना चालू असताना परवानगीवाचून चित्र घेऊ नये. काम करणाऱ्या माणसाला आधी विचारावे आणि चित्राची एक प्रत त्याला आठवणीने द्यावी. मोरजी, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालावयास येतात. रात्रीच्या वेळी त्यांच्यावर प्रखर झोत टाकल्यास ती विचलित होऊन माघारी जातात, पिल्लांची दिशा चुकते. अशा वेळी कॅमेरा बंद ठेवणे, हीच निसर्गप्रेमी छायाचित्रकाराची खरी ओळख. ड्रोन उडविणाऱ्यांनी २०२१ च्या नियमांची माहिती करून घ्यावी. गोव्यात नौदलाचा तळ व विमानतळ असल्यामुळे ही दक्षता विशेष आवश्यक आहे.

छायाचित्रावर त्याच्या कर्त्याचा हक्क असतो, हेही विसरू नये. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीत व त्याच्या निधनानंतर साठ वर्षे राहतो. मोबदला देऊन घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, साधारणपणे मोबदला देणाराकडे जातो. परंतु कायद्याचे काही असो, चित्र छापताना ते घेणाऱ्याचे नाव देणे हा शिष्टाचार आहे. नाव न दिल्यामुळेच जुन्या काळातील कितीतरी गुणी छायाचित्रकार आज अज्ञात राहिले आहेत.

गोमंतक ३,७०२ चौरस किलोमीटरांची लहानशी भूमी आहे. तिचे सौंदर्य टिपण्यासाठी जगभरातून लोक येतात आणि चार दिवसांत चित्रे घेऊन परततात. त्यांच्या चित्रांत डिसेंबरचे निळे आकाश असते. जूनच्या पहिल्या दिवशी मासेमारीबंदी सुरू होताच वर ओढलेल्या होड्या, श्रावणातील भाताचा हिरवा पट्टा, बांधावर चिखल टाकणारे हात, उन्हाळ्यात पाण्याबाहेर आलेला कुर्डीचा चौथरा ही चित्रे येथे राहणाराच घेऊ शकतो, कारण तो त्याच जागी पुन्हा पुन्हा जाऊ शकतो. बाँ जेझूसचे पांढरे रूप आपणांस पाहावयास मिळते, ते कोणी एकाने त्या दिवशी कॅमेरा उघडला आणि कोणी एकाने ते चित्र जपले म्हणून. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. त्या चित्रामागे दोन ओळी लिहिण्याची सवय तेवढी लागली, तर पुढील पिढीच्या हाती केवळ चित्रे नव्हे, तर आपल्या गावाची खरीखुरी ओळख पडेल.